कल्पनेची खतावणी

कॉमर्सच्या विद्यार्थिनीने कादंबऱ्यांवर लिहावे, त्यातही पाण्याखालच्या आणि परग्रहावरच्या कादंबऱ्यांवर, याचे काही जणांना नवल वाटेल. साहित्य आर्ट्सवाल्यांचे, प्रयोगशाळा सायन्सवाल्यांची आणि आकडे आमचे, अशी वाटणी फार पूर्वीच होऊन गेली आहे. परंतु गेली दोन वर्षे दिवसा अकौंटन्सी आणि रात्री कथा-कादंबऱ्या असे वाचन चालू असताना माझी एक समजूत होत गेली, ती येथे मांडते. ज्या लेखकांनी मुळात नसलेली जगे रचली, त्यांतले काही जण फार चांगले हिशेबनीस होते. वसाहती, युद्धे आणि कारखाने यांचा जो जमाखर्च खऱ्या जगाच्या वहीत एकाच बाजूने लिहिला गेला, त्याची दुसरी बाजू त्यांनी आपल्या कल्पित वहीत लिहून काढली.

द्विनोंदी पद्धतीचा पहिला धडा आम्हाला असा शिकवतात की, प्रत्येक नावे नोंदीला कुठेतरी जमा नोंद असतेच. पैसा कुठून तरी आल्याशिवाय कुठे जात नाही. हे तत्त्व मनात पक्के बसले की इतिहास वाचताना अडखळायला होते. शाळेत 'औद्योगिक क्रांती' हा एक धडा होता, 'साम्राज्यवाद' हा दुसरा आणि 'पहिले महायुद्ध' हा तिसरा. प्रत्येक धड्याखाली वेगळा स्वाध्याय. एका धड्यातला नफा दुसऱ्या धड्यातल्या कुणाच्या नावावर पडला, हे विचारणारा प्रश्न कोणत्याच स्वाध्यायात नव्हता.

कॉलेजातही तेच. कंपनी कायद्यात कंपन्यांचे प्रकार येतात: सनदी, वैधानिक आणि नोंदणीकृत. सनदी कंपनीचे उदाहरण ठरलेले, ईस्ट इंडिया कंपनी. एक ओळ, एक गुण. त्या ओळीमागे काय आहे ते मी सवडीने शोधले. १८३३ च्या सनदी कायद्याने कंपनीचा व्यापार बंद झाला. पण ६० लाख पौंडांच्या भांडवलावर साडेदहा टक्के लाभांश, म्हणजे वर्षाला ६ लाख ३० हजार पौंड, चालूच राहिला. तो हिंदुस्थानच्या महसुलातून द्यायचा होता. चाळीस वर्षांनंतर शंभराच्या भांडवलामागे दोनशे देऊन भागधारकांना मोकळे करायचे, हेही त्यातच ठरले होते. मध्ये १८५७ आले. तो उठाव मोडून काढण्याचा खर्च हिंदुस्थानच्याच कर्जखाती लिहिला गेला. ज्यांना मारले त्यांच्याच नावे काडतुसांची किंमत! १८५८ साली कंपनीचे राज्य संपले, तरी लाभांश थांबला नाही. १८७४ साली कंपनी विसर्जित झाली, तेव्हा भागधारकांचा हिशेब चोख पुरा झालेला होता.

नेमके त्याच वर्षी फ्रान्समध्ये ज्यूल व्हर्न 'द मिस्टीरियस आयलंड' ही कादंबरी क्रमशः छापत होता. व्हर्नची ओळख आपल्याकडे नवी नाही. भा. रा. भागवतांनी त्याच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या. व्हर्नचा कॅप्टन नेमो, समुद्राच्या पोटात नॉटिलस पाणबुडी घेऊन फिरणारा, जगावर रागावलेला माणूस, आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. पण नेमो कोण, हे व्हर्नने १८७० च्या पहिल्या कादंबरीत सांगितलेच नव्हते. त्याच्या मनात नेमो हा रशियनांनी ज्याचे कुटुंब मारले असा पोलिश सरदार होता. प्रकाशक एत्झेल याने ते मान्य केले नाही, कारण व्हर्नची पुस्तके रशियात खपत होती. बाजारपेठ दुखावेल म्हणून नायकाला देशच राहिला नाही. 'नेमो' या लॅटिन शब्दाचा अर्थच 'कुणी नाही'.

१८७५ साली, 'मिस्टीरियस आयलंड'च्या अखेरच्या भागात, हे रहस्य उलगडते. नेमो म्हणजे राजपुत्र डक्कर, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा आणि टिपू सुलतानाचा पुतण्या! टिपू १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणात पडला; त्याचे बुंदेलखंडाशी नाते व्हर्नने कसे जुळवले, ते तोच जाणे. आमच्या मासिकाच्या कन्नड आणि मराठी अशा दोन्ही विभागांना नेमोवर हक्क सांगता यावा, एवढी सोय मात्र त्याने करून ठेवली आहे. डक्कर सत्तावन्नच्या उठावात लढतो, दहा वेळा जखमी होतो, घरदार आणि राज्य गमावतो, आणि मूठभर साथीदारांसह समुद्रात नाहीसा होतो.

माझ्यातल्या कॉमर्सवालीला त्याची सूडकथा आवडली, पण त्याहून त्याची खरेदी अधिक आवडली. नॉटिलसचे भाग त्याने वेगवेगळ्या नावांनी वेगवेगळ्या देशांतून मागवले: काही फ्रान्समधल्या क्रझोहून, काही लंडनहून, काही लिव्हरपूलहून, काही प्रशियातल्या क्रुपकडून. नुसत्या जहाजाचा खर्च सोळा लाख सत्याऐंशी हजार फ्रँक, तो टनामागच्या दरासकट कादंबरीत दिलेला आहे. आणि पैसा कुठला? १७०२ साली स्पेनमधल्या व्हिगोच्या उपसागरात बुडालेल्या जहाजांतला. ती जहाजे अमेरिकेतल्या वसाहतींतून सोने-चांदी घेऊन येत होती. म्हणजे वसाहतीच्या लुटीतून भांडवल, साम्राज्यांच्या कारखान्यांतून यंत्रे, आणि त्यातून साम्राज्यांविरुद्धचे युद्ध. शाळेत जे तीन वेगळे धडे होते, ते व्हर्नने एका पाणबुडीत बसवले.

त्याच कादंबरीत सिलोनच्या किनाऱ्याजवळ एका गरीब पाणबुड्यावर शार्क मासा झडप घालतो. तो पाणबुड्या मोत्यांसाठी दिवसभर बुड्या मारणारा. नेमो स्वतः सुरा घेऊन माशावर जातो, माणसाला वाचवतो आणि मोत्यांची थैली त्याच्या हातात ठेवतो. नंतर एवढेच सांगतो की, तो माणूस दडपलेल्या देशातला आहे आणि मीही शेवटच्या श्वासापर्यंत त्याच देशाचा. मोती कुठून येतात, हे दागिन्याच्या पावतीवर नसते. व्हर्नने ती पावती उलटी करून दाखवली. मोत्यांची ही गोष्ट ध्यानात असू द्या. पुढे ती पुन्हा येणार आहे.

व्हर्नवर एक आक्षेप घेता येतो. तो फ्रेंच. इंग्रजांच्या साम्राज्यावर टीका करणे फ्रेंच माणसाला जड नव्हते. १८३० पासून अल्जेरियात फ्रान्स काय करत होता, ते लिहिणे जड गेले असते. म्हणून मला इंग्रज असलेल्या एच. जी. वेल्सचे धाडस मोठे वाटते. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षे झाली म्हणून १८९७ साली लंडनमध्ये मोठा सोहळा झाला. त्याच वर्षी वेल्सची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' क्रमशः येऊ लागली आणि १८९८ साली पुस्तकरूपाने निघाली. मंगळावरून आलेले प्राणी लंडनजवळच्या सरे परगण्यात उतरतात. त्यांच्यापाशी उष्णतेचा किरण आहे, गुदमरवून मारणारा काळा धूर आहे, आणि माणूस त्यांच्या दृष्टीने अन्न आहे. या गोष्टीची कल्पना वेल्सला त्याच्या भावाने सुचवली. टास्मानियाच्या मूळ रहिवाशांवर युरोपियन जाऊन आदळले तेव्हा त्या लोकांना कसे वाटले असेल, असा विषय निघाला होता. पहिल्याच प्रकरणात वेल्स वाचकाला सांगतो की, मंगळवासीयांना क्रूर म्हणण्याआधी आपण टास्मानियात काय केले ते आठवा.

लंडनच्या वाचकाला त्याने क्षणात टास्मानियनाच्या जागी उभे केले. खात्याची बाजू बदलली. काल जे जमा होते ते आज नावे पडले. हे काम इतिहासाच्या पुस्तकाला सहसा जमत नाही, कारण तिथे वाचणारा आपली बाजू धरूनच बसलेला असतो. आणि त्या काळ्या धुराची गोष्ट कल्पनेत राहिली नाही. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. रंगांचे कारखाने चालवणाऱ्या उद्योगातूनच तो वायू आला होता.

या दोघांनंतर मी ज्याच्यापाशी येऊन थांबले, तो कारेल चापेक. इंग्रजी भाषांतरे, शेजारी शब्दकोश आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलीचा धीर, एवढ्यावर मी त्याला वाचले. चापेक चेक होता. १८९० मध्ये जन्मला तेव्हा त्याचा देश ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता; १९१८ मध्ये तो स्वतंत्र झाला. वडील डॉक्टर. ऊपित्से नावाच्या गावात त्याचे बालपण गेले. हे गाव कापड गिरण्यांचे. त्याचा थोरला भाऊ योसेफ पुढे चित्रकार झाला, पण त्याआधी तो विणकामाच्या शाळेत शिकला होता आणि काही काळ गिरणीत कामालाही होता. हे वाचल्यावर मला तो कुटुंब एकदम वडगावातले वाटले! कारण आमचे आजोबा हातमागावर, मामा यंत्रमागावर. धोट्याच्या खडखडाटात आम्ही अभ्यास करून परीक्षा दिल्या.

१९२० साली चापेकने 'आर. यू. आर.' हे नाटक लिहिले. त्यात माणसासारखे दिसणारे कृत्रिम कामगार आहेत. त्यांना काय म्हणावे ते त्याला सुचेना. तेव्हा योसेफने 'रोबोट' हा शब्द दिला. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने करावी लागणारी बिनमोलाची मेहनत. आपला 'वेठ' हा शब्द त्याला अगदी बरोबर बसतो. ऑस्ट्रियाच्या राज्यात ती वेठ १८४८ साली कायद्याने बंद झाली, आणि बहात्तर वर्षांनी नाटकात कारखान्याच्या दारातून आत आली. कन्नडमध्ये मजुरीला 'कूलि' म्हणतात. माणूस आणि त्याची मजुरी यांतला फरक बोलता बोलता पुसला गेला की काय होते, ते या शब्दांकडे पाहूनच कळते.

नाटकात रोसमच्या कारखान्याचे एक द्वीप आहे आणि तिथे एक संचालक मंडळ आहे. त्यातला बुसमान हा व्यापारी विभागाचा प्रमुख, म्हणजे आम्हा कॉमर्सवाल्यांचा भाऊबंद. तो वाईट माणूस नाही. रोबोट स्वस्त, म्हणून कापड स्वस्त, भाकरी स्वस्त. एक दिवस कुणालाच राबावे लागणार नाही, असे तिथल्या मुख्याधिकाऱ्याचे स्वप्न आहे. पण सरकारे त्याच रोबोटांना बंदुका देतात, आणि शेवटी रोबोट माणसांवर उलटतात. आपण हे थांबवायला हवे होते का, असा प्रश्न निघतो तेव्हा बुसमान म्हणतो की, उत्पादन आपण ठरवले नाही, मागणीने ठरवले. सारे जग रोबोट मागत होते. पुढे तो कंपनीची प्रचंड रक्कम घेऊन रोबोटांशी सौदा करायला बाहेर पडतो आणि विजेच्या कुंपणाला लागून मरतो. साऱ्या माणसांत रोबोट एकालाच जिवंत ठेवतात, बांधकाम पाहणाऱ्या आल्क्विस्टला, कारण तो आपल्या हातांनी काम करतो.

त्यातली आणखी एक बारीक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. रोबोटांना वेदना होत नाहीत, त्यामुळे यंत्रात हात गेला तरी त्यांना कळत नाही आणि कंपनीचे नुकसान होते. म्हणून तिथला डॉक्टर त्यांना वेदना देण्याचे प्रयोग करतो. वेदना द्यायची ती दयेपोटी नव्हे, मालमत्तेच्या संरक्षणासाठी! आमच्या भाषेत सांगायचे तर दुरुस्ती व देखभाल खर्च वाचावा म्हणून.

१९३६ च्या 'वॉर विथ द न्यूट्स' या कादंबरीत चापेकने तोच हिशेब साऱ्या जगाचा मांडला. न्यूट म्हणजे दिसायला पालीसारखा, पण बेडकाप्रमाणे पाण्यात आणि जमिनीवर राहणारा प्राणी. सुमात्राजवळच्या एका बेटावर एका जहाजाच्या कप्तानाला माणसाएवढे बुद्धिमान न्यूट सापडतात. तो त्यांना शार्क माशांपासून बचावासाठी सुऱ्या देतो, ते त्याला शिंपल्यांतले मोती देतात. येथे व्हर्नच्या पाणबुड्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पुढे मोत्यांचा भाव पडतो. मग मोत्यांचा धंदा सोडून न्यूटच विकायचे असे भागधारकांच्या सभेत ठरते, आणि सिंडिकेट उभे राहते. कसबी न्यूट, जड कामाचे न्यूट, टोळीने काम करणारे न्यूट, टाकाऊ न्यूट असे वर्ग पडतात आणि बाजारात रोज त्यांचे भाव निघतात. न्यूट धरणे बांधतात, समुद्र हटवून जमीन काढतात, कोट्यवधींनी वाढतात. प्रत्येक राष्ट्र आपापल्या न्यूटांना शस्त्रे देते, कारण शेजाऱ्याने दिली आहेत. अखेर न्यूटांना किनारे अपुरे पडतात आणि ते खंड फोडू लागतात. जमीन बुडत असतानाही बँका त्यांना पैसा देतात, कारखाने त्यांना माल पुरवतात. व्यवहार तोडायला कुणीच तयार नसते. आपण तोडला तर दुसरा करील.

चापेक १९३८ च्या डिसेंबरात वारला. म्युनिक करार होऊन तीन महिनेही झाले नव्हते. १९३९ च्या मार्चमध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले. 'रोबोट' हा शब्द देणारा योसेफ १९४५ साली जर्मनांच्या छळछावणीत मेला.

हे सारे वाचून मला काय मिळाले, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर द्यायचे तर मामांच्या कारखान्यात यावे लागेल. मामांचे आठ यंत्रमाग आहेत आणि दर आठवड्याला मजुरीची वही मी लिहिते. साडीमागे दर, साड्यांची संख्या, उचल वजा, बाकी रक्कम. तिथे एक वयस्क विणकर आहेत, घरची भाषा कन्नड. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणतो. पगाराच्या दिवशी ते माझ्यासमोर वाकून विचारतात, "एष्टातव्वा?" किती झाले गं बाई? मी आकडा ओरडून सांगते आणि वर बोटेही दाखवते, कारण मागांच्या आवाजाने त्यांचे कान गेले आहेत. माग बंद असतानाही त्यांना फारसे ऐकू येत नाही. तो आवाज मराठी विणकराला वेगळा आणि कन्नड विणकराला वेगळा नसतो.

वर्षअखेरीला ताळेबंद करताना मी मागांचा घसारा काढते. यंत्र दरवर्षी इतके झिजते असे धरून तेवढी रक्कम नफ्यातून वजा करायची, हा नियम. मागाला घसारा आहे. अण्णांच्या कानाला नाही. चापेक वाचेपर्यंत मला यात कोडे असे काही दिसत नव्हते. पुस्तकातली रीतच तशी आहे. पण ज्या नाटकात वेदनाही मालमत्तेच्या हिशेबात धरली जाते, ते वाचल्यावर पेन त्या ओळीवर थबकू लागले.

मी मामांना एकदा म्हटले, वहीत आणखी एक रकाना आखूया. ते हसले. म्हणाले, "आख की. पण त्यात लिहिशील काय?" मामा बुसमानसारखेच आहेत, म्हणजे वाईट नाहीत. सुताचा भाव त्यांच्या हातात नाही, साडीचा भावही नाही. व्यापारी म्हणेल तो. मजुरी दोन रुपयांनी वाढवली तर साडी पडून राहील, आणि ती दुसऱ्या गावाहून येईल. मागणीच सारे ठरवते, हे त्यांना नाटक न वाचताही माहीत आहे. त्यांच्या प्रश्नाला मला अजून उत्तर देता आलेले नाही. कानात घालायचे बोळे तेवढे मामांनी आणले. तरुण पोरे ते घालतात, अण्णा घालत नाहीत. आता काय उपयोग, असे म्हणतात.

कल्पित कथांवर सगळाच भरवसा टाकावा असेही मी म्हणत नाही. त्यांच्या खतावणीतही काही पाने कोरी आहेत. वेल्सने टास्मानियन नामशेष झाले असे धरून त्यांची उपमा घेतली. त्यांचे वंशज आजही त्या बेटावर आहेत आणि आपली ओळख ठणकावून सांगतात. व्हर्नचा पाणबुड्या मोत्यांची थैली घेऊन निघून जातो; त्याच्या तोंडी एक वाक्यही नाही. चापेकच्या न्यूटांनाही आपली बाजू क्वचितच मांडता येते. ज्याच्या नावे रक्कम पडली त्याने स्वतः लिहिलेला हिशेब वेगळा असेल. तो कन्नडमध्ये असेल, मराठीत असेल, किंवा अजून लिहायचाच असेल.

आमच्यापैकी बहुतेक जण दोन-तीन वर्षांत कुठल्या ना कुठल्या कचेरीत वह्या लिहायला बसू. बँकेत, साखर कारखान्यात, उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीत. आपल्यापुढे जे आकडे येतील ते बरोबर जुळतील, बेरजा बिनचूक असतील. ईस्ट इंडिया कंपनीच्याही होत्या. म्हणून प्राध्यापकांना माझी एक नम्र विनंती आहे. पुढच्या वर्गाला सनदी कंपनीचे उदाहरण सांगताना पाच मिनिटे जास्त घ्यावीत आणि तो साडेदहा टक्के लाभांश कुठून येत होता, तेही सांगावे. परीक्षेत त्याला गुण नसले तरी चालेल.